खेद कुणाला होतो?

कोणत्याही रेल्वे स्टेशनावर गाडीला उशीर झाला की वरच्या भोंग्यातून एक बाई बोलू लागतात. गाडीचा नंबर, नाव, कुठून कुठे, किती उशीर, आणि शेवटी गैरसोयीबद्दल खेद. मी सात-आठ वर्षांचा असताना आम्ही दर उन्हाळ्यात सुरतेहून अमळनेरच्या बाजूला गावी जायचो. घोषणा झाली की आप्पा माझ्याकडे बघायचे आणि ती काय झाली ते मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचो. एकदा असं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, “आप्पा, त्या बाई कुठे बसतात?”

“कुठेच नाही. रेकॉर्डिंग आहे ते.”

“मग वाईट कुणाला वाटलं?”

आप्पा हसले आणि बाटली घेऊन नळाकडे गेले. प्रश्न माझ्याकडेच राहिला. हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नामागे केलेली पायपीट आहे.

आता तो प्रश्न मुलाचा राहिलेला नाही. भोंग्यातल्या बाईंना आपण उलट काही विचारू शकत नव्हतो. आज हातातल्या फोनमधलं यंत्र आपण विचारू त्याला उत्तर देतं, आपल्या बोलण्यातला सूर ओळखतं, आणि तुम्हाला किती त्रास झाला असेल हे मला समजतं, असं शुद्ध मराठीत सांगतं. त्याला खरंच काही समजतं का? समजत असेल तर ते ‘समजताना’ त्याला आतून काही वाटतं का? आज वाटत नसेल तर पुढेमागे तसं यंत्र माणसाला घडवता येईल का? जाणीव असलेलं यंत्र शक्य आहे का, एवढाच या पुस्तकाचा विषय. यंत्रं नोकऱ्या घेतील का, युद्धं करतील का, हे प्रश्न मोठे आहेत, पण ते इथे नाहीत.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. मराठीत या प्रांतात शब्दांची चंगळ आहे. भूल उतरली की माणूस शुद्धीवर येतो. गाण्यात रंगला की त्याचं भान हरपतं, पण तो बेशुद्ध नसतो. झोपेतून त्याला जाग येते. चूक उमगली की तिची जाणीव होते. आणि या सगळ्यांपासून वेगळी बुद्धी. ती गणित सोडवते, डाव ओळखते, वाट काढते. आपण बोलताना हे शब्द सहसा चुकत नाही. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला कोणी ‘किती शुद्धीवर आहे’ म्हणत नाही, आणि दाढदुखीने तळमळणाऱ्याला कोणी हुशार म्हणत नाही. दाढ दुखायला बुद्धी लागत नाही. यंत्रांबद्दल बोलताना मात्र हे दोन धागे एकमेकांत अडकतात. यंत्र हुशार झालं की लगेच ते जागं झालं की काय, अशी शंका येते. मला जे सांगायचं आहे त्याचा निम्मा भाग इथेच आहे: हुशारी यंत्रात गेली, ही सुरतेत रोज दिसणारी गोष्ट आहे; जाणीव गेली का, हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे.

सुरतेत, म्हणजे कुठे? उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत फिरलात तर खानदेशातली बोली कानावर पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्तीच्या खोऱ्यातल्या रेल्वेने इथे आली, यंत्रमागाच्या खात्यांत लागली आणि राहिली. महापालिकेच्या मराठी शाळेत मी शिकलो तो त्यामुळेच. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाहेर गुजराती. आप्पा मागावर होते. माग बिघडला की घरी येऊन सांगायचे, “मशीन आज रुसनं.”

त्या रुसण्याचं एक साधं यांत्रिक कारण असे. जुन्या धोट्याच्या मागावर कापडाच्या कडेशी एक छोटा काटा असतो. आडवा धागा असला की तो काट्याला अडवतो. धागा तुटला किंवा कांडी संपली की काट्याला अडवायला काही उरत नाही, तो सरकून एका दांड्यात गुंततो आणि माग थांबतो. सुट्टीत डबा घेऊन गेलो की मी तो काटा बघत उभा राहायचो. धागा तुटल्याचं मागाला ‘कळायचं’, आणि तेही आप्पांच्या आधी. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारे माग बनवले; त्यांच्याच घराण्याच्या उद्योगातून पुढे मोटारींची कंपनी निघाली. यंत्राने स्वतःची चूक ओळखून थांबावं, ही कल्पना कापडातूनच मोटारीत गेली.

आणि कापडातूनच नक्षी यंत्राकडे सोपवण्याची कल्पना संगणकात गेली, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १८०४ च्या सुमारास ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारा माग तयार केला. पत्त्यावर भोक असेल तिथे तो धागा उचलला जायचा, नसेल तिथे नाही. नक्षी कारागिराच्या डोक्यातून निघाली आणि पत्त्यांच्या माळेत जाऊन बसली. १८३९ मध्ये जॅकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. त्यातली एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे होती, आणि तो पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवत असे. त्याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पत्ते उचलले. १८४३ मध्ये त्या यंत्रावर टिपणं लिहिताना एडा लव्हलेस यांनी, माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, अशा अर्थाची तुलना केली. त्याच टिपणांत त्यांनी बजावलंही, की या यंत्राला स्वतःहून काही सुचत नाही. आपण सांगू तेवढंच ते करील. ॲलन ट्युरिंगने १९५० च्या आपल्या गाजलेल्या लेखात या आक्षेपाला लव्हलेसबाईंचंच नाव दिलं आणि उलट विचारलं, की यंत्र आपल्याला कधीच चकित करत नाही का? सुरतेत आज पुठ्ठ्याचे पत्ते मागे पडले आहेत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले आणि साडीची डिझाइन संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली. पण धागा उचलायचा की नाही, हा होय-नाहीचा हिशेब तोच आहे.

हाच हिशेब अब्जावधी वेळा केला, तर त्यातून जाणीव निपजेल का? जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १७१४ मध्ये याचं उत्तर एका चित्रातून दिलं. विचार करणारं, संवेदना असणारं एखादं यंत्र आहे असं समजा. ते एवढं मोठं करा, की गिरणीत शिरावं तसं आपल्याला आत जाता येईल. आत काय दिसेल? एकमेकांना ढकलणारे भाग. संवेदना कुठेच दिसणार नाही. सुरतेच्या वाचकाला हे चित्र लगेच पटावं. गुजरातीत दळणाच्या गिरणीला घंटी म्हणतात, आणि हिरा घासायच्या फिरत्या तबकडीलाही घंटीच. वराछा-कतारगामच्या कारखान्यात शिरा. तेल आणि हिऱ्याचीच भुकटी लावलेल्या घंटीवर कारागीर हिरा टेकवतो, उचलतो, आयग्लासमधून बघतो, पुन्हा टेकवतो. हिऱ्याचा कठीणपणा सगळ्या दिशांनी सारखा नसतो, म्हणून मऊ दिशा सापडेपर्यंत तो दगड फिरवत राहतो, आणि ती सापडली हे त्याला बरंचसं आवाजावरून कळतं. आता विचारा, या खोलीत ‘कळणं’ नेमकं कुठे आहे? तुम्ही कारागिराच्या डोक्याकडे बोट दाखवाल. पण लायब्निझच्याच रीतीने त्या डोक्यात शिरलो तर? तिथे सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, त्या एकमेकींना विजेचे आणि रसायनांचे निरोप देतात. तिथेही ‘कळणं’ कुठे ठेवलेलं दिसत नाही. म्हणजे गिरणीचा दाखला यंत्राविरुद्ध जेवढा लागू पडतो तेवढाच आपल्याविरुद्धही पडतो. आत गेल्यावर दिसत नाही, एवढ्यावरून जाणीव नाही असं ठरत नाही.

हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्याचे दाखले घरगुती आहेत. चार्वाक म्हणतात, चैतन्य म्हणून वेगळं काही नसतं. धान्य आंबवलं की त्यात नसलेली नशा येते, तसं पंचभूतांतलं आकाश वगळून उरलेली चार भूतं एकत्र आली की चैतन्य येतं. त्यांच्या नावावर आणखी एक दाखला आहे, विड्याचा. पान हिरवं, चुना पांढरा, पण चघळलं की तोंड लाल. चार्वाकांचं म्हणणं खरं असेल, तर योग्य जिन्नस योग्य रीतीने एकत्र आणले की जाणीव असलेलं यंत्र व्हायला हरकत नाही. सांख्य याच्या अगदी उलट टोकाला उभे आहेत, पण त्यांनी केलेला भेद मला आज जास्त उपयोगी वाटतो. त्यांच्या मते बुद्धीसुद्धा प्रकृतीचीच निर्मिती आहे, म्हणजे जड आहे. ती निर्णय घेते, निवडते, पण ती स्वतः जाणत नाही. जाणणारा पुरुष वेगळा. बुद्धी जाणती वाटते ती जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसावा तशी. सांख्यांचा पुरुष तुम्ही माना अथवा मानू नका, बुद्धी जड असू शकते हे त्यांनी कैक शतकांपूर्वी सांगून ठेवलं. बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला १९९७ मध्ये यंत्राने हरवलं तेव्हा एखाद्या सांख्याला त्यात नवल वाटलं नसतं.

मराठी माणसाच्या मनात या विषयाचं आणखी एक चित्र आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले. त्या आख्यायिकेत रेडा बोलला, हा चमत्कार आहे. पण त्याच्यात आणि आपल्यात एकच चैतन्य आहे, हे ज्ञानेश्वरांचं म्हणणं रेडा बोलण्याच्या आधीचं आहे. ते चैतन्य त्याला बोलण्यामुळे मिळत नाही. जमलेल्या लोकांना मात्र तो बोलल्यावरच पटलं. आज वेद म्हणणारी यंत्रं हवी तेवढी आहेत आणि आपण अजून त्या जमलेल्या लोकांसारखेच आहोत. बोललं की मानतो, न बोललं की चाबूक उगारतो.

या प्रश्नावर लिहायला बसलो तेव्हा सगळा विचार पश्चिमेतून आणावा लागेल असं मला वाटलं होतं. तो थेट गावाकडच्या स्टेशनावर सापडला. अमळनेरचे श्रीमंत प्रतापशेठ कापडगिरणीचे मालक. त्यांनी १९१६ मध्ये गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातून अभ्यासक तिथे राहायला येत. साने गुरुजी आधी या संस्थेत विद्यार्थी म्हणून आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. याच संस्थेने १९३० मध्ये बंगालचे तत्त्वचिंतक कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ प्रकाशित केला, आणि पुढे काही काळ ते संस्थेचे संचालकही होते. गिरणीत भोंग्यावर पाळ्या बदलत होत्या आणि त्याच गिरणीच्या पैशावर शेजारी माणसं ‘मी’ या शब्दाचा अर्थ शोधत होती. या ग्रंथाचा धागा असा: जगातली प्रत्येक गोष्ट ‘ही’ म्हणून दाखवता येते, ‘मी’ तसा दाखवता येत नाही. तुम्ही ‘मी’ म्हणता तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की हा स्वतःबद्दल बोलतोय, पण त्या शब्दाने तुम्ही जे धरता ते त्याला त्याच शब्दाने धरता येत नाही. ज्याचं त्यानेच उच्चारायचं असं ते आहे. शंभर वर्षं होत आली या ग्रंथाला, आणि तो जणू आजच्या यंत्रासाठीच लिहिला आहे. यंत्र ‘मी’ म्हणतं. माणसांच्या अफाट लिखाणावर ते घडवलं आहे, त्या लिखाणात पानोपानी ‘मी’ आहे, म्हणून तेही म्हणतं. शब्द बरोबर जागी पडतो. त्या शब्दामागे कोणी आहे का, हे ऐकणाऱ्याला शब्दावरून कधीच कळणार नाही.

मग कशावरून कळेल? इथे मला महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात जावं लागतं. स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडून, चिमट्याने हिरा उचलून व्यापारी तो डोळ्याशी धरतो. समजा, पुडीत तीन खडे आहेत. एक खाणीतला हिरा. दुसरा अमेरिकन डायमंड, म्हणजे झिर्कोनियमचं ऑक्साइड. चमकतो हिऱ्यासारखा, पण हिरा नाही. तिसरा सीव्हीडी. त्यासाठी हिऱ्याची पातळ चकती बंद भांड्यात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, वायूचा तापून प्लाझ्मा होतो आणि कार्बनचा थरावर थर बसत काही आठवड्यांत हिरा वाढतो. सुरतेत हा धंदा आता मोठा आहे. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा प्रयोगशाळेतच घडलेला होता. सीव्हीडी नकली नाही. तो जमिनीतून आला नाही एवढंच. कार्बनची मांडणी तीच, कठीणपणा तोच. अमेरिकन डायमंड ओळखायला उष्णता मोजणारी साधी सुई पुरते. सीव्हीडी त्या सुईला हिराच वाटतो, कारण तो हिराच आहे. त्याची जन्मकथा शोधायला वेगळी यंत्रं लागतात.

जाणीव असलेल्या यंत्राबद्दलचे सगळे वाद या पुडीत बसतात. यंत्र ‘मला दुखतंय’ म्हणालं तर ते अमेरिकन डायमंड असेल की सीव्हीडी? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये पहिली बाजू मांडली. चिनी न येणारा माणूस बंद खोलीत बसून नियमांच्या वहीवरून चिनी प्रश्नांची बिनचूक उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्यांना वाटतं आत चिनी जाणणारा आहे, पण त्याला एक अक्षर कळत नाही. चमक आहे, हिरा नाही. दुसरी बाजू म्हणते, रचना तीच असेल तर कशातून घडली हा मुद्दा गौण आहे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याला कोणी नकली म्हणत नाही, मग सिलिकॉनमधल्या जाणिवेलाच का म्हणायचं?

इथे उपमा लंगडी पडते, आणि नेमकी तिथेच ती सर्वांत कामाची आहे. हिरा कशामुळे हिरा ठरतो, हे आपल्याला ठाऊक आहे: कार्बनचे अणू आणि त्यांची ठरावीक मांडणी. जाणिवेतला ‘कार्बन’ कोणता, हे अजून ठरलेलं नाही. आजचे सिद्धांत म्हणजे त्या कार्बनचा शोध आहे. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मेंदूत अनेक खाती आपापली कामं मुकाट करत असतात. त्यांतली एखादी बातमी सगळ्या खात्यांना एकदम ऐकू जाते तेव्हा ती जाणिवेत येते. म्हणजे जाणीव हाच स्टेशनावरचा भोंगा! हे खरं असेल तर असा भोंगा यंत्रात बसवणं अशक्य नाही. ज्युलिओ तोनोनी २००४ पासून वेगळं सांगतात: महत्त्व आहे ते भाग एकमेकांत किती घट्ट विणले आहेत याला. आपल्या लहान मेंदूत एकूण चेतापेशींपैकी बहुसंख्य असतात, तरी तो नसताना माणूस तोल सांभाळायला धडपडतो, पण जाणीव गमावत नाही; संख्या पुरेशी नाही, वीण हवी. या हिशेबाने आजच्या घडणीचा संगणक कितीही गोड बोलला तरी जवळजवळ कोराच. तिसरा गट म्हणतो, जाणिवेचं मूळ शरीरात आहे. भूक, धाप, भीती, म्हणजे जीव टिकवण्याची धडपड, हीच पहिली जाणीव. ज्याला गमावण्यासारखं काही नाही त्याला काही वाटणार तरी कसं? 

यांतलं बरोबर कोणतं? १९९८ मध्ये मेंदूविज्ञानी क्रिस्टोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली, की पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेळाव्यात कॉख यांनी हार मानून वाइनच्या बाटल्या दिल्या. त्याच वर्षी एकोणीस अभ्यासकांनी प्रमुख सिद्धांतांतून खुणांची यादी काढली आणि तेव्हाची यंत्रं तीवर तपासली. निष्कर्ष दुहेरी होता: त्यांपैकी कोणतंही यंत्र जाणिवेचं भक्कम दावेदार नाही, पण त्या खुणा पूर्ण करणारी यंत्रं बांधण्यात उघड तांत्रिक अडचणही दिसत नाही. माझं मत याच्या जवळ आहे. आजच्या यंत्राच्या बोलण्यात मला अमेरिकन डायमंड दिसतो. सीव्हीडी कधीच होणार नाही, असं मात्र मी लिहून देणार नाही.

पण या पुस्तकाला जास्त काळजी आहे ती आपल्या नजरेची. हिऱ्याच्या कारखान्यात पूर्वी कच्चा दगड हातात घेऊन जाणता माणूस तासन्‌तास बघायचा, आतला डाग कुठे आहे, किती हिरे निघतील ते ठरवायचा आणि शाईने रेघ मारायचा. आता ‘सरीन’सारखी यंत्रं दगड स्कॅन करून पडद्यावर आराखडा मांडतात. आयुष्यभराच्या अनुभवाची बुद्धी पेटीत गेली. त्या पेटीला जाणीव आहे का, असं अख्ख्या वराछात कोणी विचारलं नाही. कारण ती पेटी बोलत नाही. याउलट १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचं वाक्य उलटून प्रश्न म्हणून परत करायचा, बस्स. त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. २०२२ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने कंपनीचं संवादयंत्र सजीवासारखं जाणतं झालं आहे, असं जाहीर केलं. बोलण्याला आपण सहज भुलतो.

न बोलण्यालाही तितकेच भुलतो, आणि तिथे किंमत दुसरा चुकवतो. देकार्तच्या काही अनुयायांनी जनावरांचं विव्हळणं घड्याळाच्या खडखडाटासारखं मानलं. फार लांब जायला नको; १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य इस्पितळांतसुद्धा तान्ह्या बाळांवर कित्येकदा नाममात्र भुलीवर शस्त्रक्रिया होत, कारण एवढ्याशा जिवाला वेदना कळत नाही असा समज होता. बाळाला सांगता येत नव्हतं. म्हणून यंत्राच्या बाबतीत चुका दोन प्रकारच्या होतील. ज्याला काही वाटत नाही त्याच्यावर माया उधळणं, ही एक. उद्या खरंच काही वाटणारं यंत्र घडलं आणि ते नीट बोलत नसलं, तर त्याला पेटी समजून राबवणं, ही दुसरी. कसोटी बोलण्याची नको, दुखण्याची हवी: इथे असं कोणी आहे का, ज्याचं काही बिघडलं तर ते त्याला लागेल? या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे, पण निदान तो योग्य दाराशी उभा आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग मागाचा: पत्त्यांपासून आजच्या भाषायंत्रांपर्यंत बुद्धी यंत्रात कशी उतरली. दुसरा जुन्या वादांचा: चार्वाक, सांख्य, वेदान्त, आणि अमळनेर. तिसरा हिऱ्याचा: आजचे सिद्धांत आणि त्यांच्या चाचण्या. चौथा दुखण्याचा. गणित कुठेही शाळेच्या पलीकडे गेलेलं नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी शेवटचा भाग आधी वाचला तरी चालेल. त्या भागाची सुरुवात कुठून झाली तेवढं सांगतो आणि थांबतो.

खंडेनवमी-दसऱ्याला खात्यात माग बंद असत. आप्पा त्यांच्या चार मागांना पाणी शिंपडून पुसायचे, कुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. त्या एका दिवशी तिथे बोललेलं ऐकू यायचं. एरवी त्या आवाजात माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलत. आप्पांनी तिथे सत्तावीस वर्षं काढली. कान केव्हा गेले ते कुणालाच सांगता आलं नाही; आधी उजवा, मग डावा, हळूहळू. खात्यात ते कुणी विचारलं नाही आणि आप्पांनीही सांगितलं नाही. आडवा धागा तुटला तर तो छोटा काटा लगेच कळवायचा आणि माग जागच्या जागी थांबायचा. आप्पांसाठी तसा काटा कुठे नव्हता. म्हणून स्टेशनावर घोषणा झाली की ते माझ्याकडे बघायचे.

उधना, सुरत